धातू जाते म्हणून लग्नच नको

"सर, माही धातू जाऊन रायली. आता मले लगन नाही करा लागत."

यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू कापूसवाला तरुण. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) साक्षगंध झालेलं, तारीख धरलेली. धातू म्हणजे वीर्य. महिन्यातून दोन-तीनदा ते झोपेत जायचं, शौचाला जोर लावला की चिकट थेंब यायचा, कधी लघवी गढूळ दिसायची. कंबर दुखे, छाती धडधडे, झोप लागत नसे. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, असं आठवडी बाजारात तंबू टाकून औषध विकणाऱ्यानं त्याला सांगितलेलं. कापसाचे पैसे त्याच्या औषधाच्या पुड्यांत गेले.

त्याआधी तो एका डॉक्टरकडेही जाऊन आला होता. "काही नाही तुले, जाय," एवढंच उत्तर मिळालं. अशा उत्तरामुळेच पोरं तंबूकडे वळतात, असं माझं ठाम मत आहे. त्रास खरा असतो. त्याचं कारण कोणीतरी नीट बसून सांगायला हवं.

म्हणून मी कागदावर चित्र काढलं. वीर्य रक्त आटवून बनत नाही. त्याचा बहुतेक भाग म्हणजे वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा पाणीदार स्राव; शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. एका वेळी साधारण २ ते ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाभर. शुक्राणू रोज कोट्यवधी तयार होतात. बाहेर पडले नाहीत तर शरीरच ते जिरवून टाकतं. जोर लावताना येणारा थेंब बहुधा प्रोस्टेटवर दाब पडून येतो आणि लघवीचा गढूळपणा अनेकदा फॉस्फेट क्षारांचा असतो. तरी लघवी, साखर, हिमोग्लोबिन तपासून घेतलं. सगळं ठीक निघालं.

"मंग कमजोरी काहून येते?"

भीतीमुळे. झोप आणि भूक गेली की अंग गळणारच. मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली याच त्रासाला 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं.

मग मान खाली घालून त्यानं हस्तमैथुनाचं विचारलं. लैंगिक वर्तनाचे संशोधक किन्सी यांच्या १९४८ च्या अमेरिकेतल्या पाहणीत सुमारे ९२ टक्के पुरुषांनी ते केल्याचं सांगितलं होतं. आपल्याकडे र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक विज्ञान मराठीत सांगत होते. शंभर वर्षं होत आली, तरी ते या पोरापर्यंत पोचलं नाही, याचा मला फार त्रास होतो.

पहाटे ताठरता येते का, असं विचारलं. येते म्हणाला. म्हणजे नसा आणि रक्तपुरवठा बहुतेक चांगला आहे, हे त्याला समजावलं. पुड्या बंद करायला लावल्या. जळजळ, पू किंवा रक्त दिसलं तर मात्र थेट डॉक्टरकडे जायचं, हेही बजावलं.

"तिले काय सांगू?"

"लग्न झालं की दोघं मिळून या."

आले. त्याच्यापेक्षा तिच्याकडेच प्रश्न जास्त होते. पहिला, दोन वर्षं मूल नको असेल तर काय वापरायचं.