बॅले शिकताय? आधी एवढे तीन शब्द

शब्द फ्रेंच आहेत म्हणून बिचकू नका, बहुतेक साधी क्रियापदंच आहेत. पोझिशन, म्हणजे पावलं ठेवायची पद्धत, पहिली (टाचा जुळलेल्या, बोटं बाहेर) आणि दुसरी (तशीच, पण पावलांत अंतर) पुरे. पाचवीची (एक पाऊल दुसऱ्यापुढे चिकटवून) घाई नको.

- प्लिए: गुडघे वाकवणं. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत हवा. अर्ध्या प्लिएत टाचा जमिनीवरच.
- तांद्यू: पाय ताणत सरकवणं. आधी टाच सुटते, मग चवडा. शेवटी बोटांची टोकं टेकलेली. परत येताना क्रम उलटा. टोकं जमिनीवरून सुटली की ते देगाजे, तांद्यू नव्हे.
- रलवे: चवड्यांवर उठणं. वजन करंगळीकडे गेलं तर घोटा मुरगळतो.

सगळ्यात घातक चूक टर्नआउटची. टर्नआउट म्हणजे पाय बाहेर वळवणं; तो वळतो खुब्यातून. नुसती पावलं १८० अंशांत रेटली की गुडघा पिळला जातो, तळव्याची कमान बसते. प्लिए करून बघा: गुडघे आत पडले तर कोन कमी करा. लाजायचं काय त्यात!

आधाराला जड खुर्चीची पाठ; हात टेकवायचा, लटकायचं नाही. शहाबादी फरशीवर हे सगळं चालेल, उड्या नकोत. चादर अंथरून तर अजिबात नको, सोलापुरी असली तरी सरकतेच.