कुत्र्याला मायक्रोचिप आहे. फोन नंबर बदलल्यावर नवी चिप बसवावी लागते का?

नाही, नवी चिप बसवावी लागत नाही. चिपचा क्रमांक ज्या संस्थेकडे नोंदवलेला आहे, तेथील तुमची माहिती मात्र लगेच बदलून घ्यायला हवी. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चिपमध्ये ना बॅटरी असते, ना तुमचे नाव वा पत्ता. स्कॅनर जवळ धरला की त्याच्या रेडिओलहरींवर ती क्षणभर कार्यरत होते आणि केवळ आपला क्रमांक कळवते, जो आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चिपमध्ये १५ अंकी असतो. त्यापुढचे सारे नोंदीवर अवलंबून असते: हरवलेला कुत्रा दवाखान्यापर्यंत सुखरूप पोहोचला, क्रमांकही वाचला गेला, पण नोंदीतला फोन बंद निघाला, तर शोध तिथेच खुंटतो, म्हणून हे काम उद्यावर टाकू नये. शक्य असल्यास घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचा नंबरही नोंदवावा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी की खांद्यांच्या मध्ये त्वचेखाली बसवलेली चिप कधी कधी सरकून खांद्याकडे किंवा पुढच्या पायाकडे जाते. त्यामुळे वार्षिक लसीकरणाच्या वेळी पशुवैद्यकाकडून ती स्कॅन करून घ्यावी आणि क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहावा.