मालिका आणि सिनेमे पाहून बायका बिघडतात का?

‘मालिका, सिनेमे आणि रील्स यांमुळे स्त्रियांची मूल्ये ढासळली असून त्यांचे लैंगिक वर्तन सैल झाले आहे का?’ असा आपला प्रश्न आहे. निपाणीच्या आसपासच्या खेड्यांत मी 27 वर्षे आरोग्यसेविका म्हणून काम केले. पाळीपासून तांबीपर्यंत आणि ऑपरेशनपर्यंत, जे बायका घरात बोलत नाहीत ते त्या माझ्याशी बोलत आल्या, आणि त्या भरवशावरच हे उत्तर लिहीत आहे.

परपुरुषाचा विषय कानांवर पडला की बाईचा पाय घसरतो असे मानायचे, तर आमचा बेळगाव जिल्हा टीव्ही येण्यापूर्वीच कामातून जायला हवा होता. सौंदत्तीची यल्लम्मा म्हणजेच रेणुका. पाण्यात क्रीडा करणारा गंधर्व पाहून तिचे मन क्षणभर चळले, रोज होणारा वाळूचा घडा त्या दिवशी होईना, आणि जमदग्नींच्या आज्ञेवरून पोटच्या मुलाने तिचे मस्तक उडवले. ही कथा जोगती चौंडक्यावर गात आले आणि आमच्या आज्या-पणज्या भक्तिभावाने ऐकत आल्या. (गंधर्वाला मात्र कोणी जाब विचारल्याचे कथेत नाही.) बैलहोंगल भागातील ‘संग्या-बाळ्या’ या कन्नड लोकनाट्याचा गाभाही विवाहित गंगेवर जडलेले मन आणि त्यातून झालेला खून हाच आहे, आणि ते पाहायला गावेच्या गावे रात्रभर जागत असत.

वर्तनाबद्दल विचाराल, तर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, मागील 12 महिन्यांत पती किंवा सोबत राहणारा जोडीदार सोडून अन्य कोणाशी संबंध आल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया देशभरात सुमारे अर्धा टक्का होत्या आणि पुरुष सुमारे 4 टक्के. सर्वेक्षणाला आलेल्या ताईला बायका सगळे खरे सांगत असतील असे मी म्हणणार नाही. तरीही तोच टीव्ही पुरुषही पाहतात, मग प्रश्न फक्त बायकांबद्दल का विचारला जातो, हे मला कळत नाही.

मूल्यांवर मात्र परिणाम होतो, हे मान्य करायला हवे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी बिहार, हरियाणा, दिल्ली, गोवा आणि तमिळनाडू येथील कुटुंबांची 2001 ते 2003 या काळातील माहिती तपासली. ज्या गावांत केबल नव्याने आली, तेथे नवऱ्याची मारहाण रास्त मानणाऱ्या आणि मुलगाच हवा म्हणणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले, असे त्यांनी 2009 मध्ये मांडले. म्हणून केबलने सगळे पालटले असे मात्र नाही. वर सांगितलेल्या सर्वेक्षणात कर्नाटकातील सुमारे 77 टक्के स्त्रियांनी कोणत्या ना कोणत्या कारणासाठी नवऱ्याने मारणे योग्य ठरवले, आणि तोवर आमच्याकडे घरोघरी टीव्ही येऊन कैक वर्षे झाली होती.

माझ्या पाहण्यात मालिकेने बायकांना इच्छा दिली नाही, बोलायला आडोसा दिला. विड्या वळणाऱ्या बायका संध्याकाळी एखाद्या घरात जमतात, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने. बोटे आपोआप चालतात आणि नजर पडद्यावर असते. सासूला कन्नड धारावाही हवी असते आणि सुनेला मराठी मालिका, त्यावरून रिमोटची ओढाताण होते ती वेगळीच. ‘त्या बाईनं नवऱ्याला सोडलं त्यात काय चुकलं, सांग बघू आक्का’ असे एकजण म्हणते, आणि पुढचा अर्धा तास मालिकेतल्या बाईच्या नावाने प्रत्येकजण स्वतःच्या घरातले बोलून घेते. तिसरे मूल होऊन चार महिने झालेली अशीच एक विडी कामगार एकदा माझ्याकडे आली होती. मालिकेतली नायिका नवऱ्याला ‘आज नको’ म्हणून कूस बदलून झोपली, हे तिने पाहिले होते. दार लोटून घेत तिने विचारले, ‘सिस्टर, असं म्हणायला चालतंय काय हो?’ लग्नाला नऊ वर्षे झालेल्या त्या बाईला हा शब्द उच्चारता येतो हेच ठाऊक नव्हते.

करमणुकीचे खरे नुकसान मला दिसते ते दुसऱ्या बाजूला. नायिका झिडकारत असताना नायक तिच्या कॉलेजपर्यंत, एसटीपर्यंत, घरापर्यंत पाठलाग करतो आणि शेवटी तीच त्याच्या गळ्यात पडते, असे चित्रपट मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीतही आमच्या मुलांनी लहानपणापासून पाहिले आहेत. त्यातून मुलग्यांना समजते की ‘नको’ म्हणजे थोडा वेळ थांबून पुन्हा विचारायचे. मुलीही तेच शिकतात, आणि पाठलागाला प्रेम समजून गप्प बसलेल्या शाळकरी मुली मी पाहिल्या आहेत. त्यात आता फोनवरच्या अश्लील चित्रफितींची भर पडली आहे. त्या पाहून अपेक्षा ठरवतो नवरा, आणि ‘माझ्यातच काही दोष आहे काय’ असे विचारत तपासणीला येते नवी नवरी.

त्या विडी कामगार बाईला मी ‘चालतं’ असे सांगितले आणि तिच्या नवऱ्यालाही पाठवून द्यायला सांगितले. तो आला नाही. दोन महिन्यांनी ती एकटीच आली आणि तांबी बसवून गेली.