वासांच्या यादीतले मतभेद पुसू नकोस

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं आणि त्यातली एक ओळ अजून डोक्यातून जात नाही. तू लिहिलंस, ‘डेटा फार खराब आहे. एकाच रेणूला एका यादीत फुलांसारखा, दुसरीत ओल्या लाकडासारखा आणि तिसरीत चक्क वास नाही असं लिहिलंय. ज्यांच्या नोंदी जुळत नाहीत ते रेणू मी सरळ काढून टाकणार आहे.’

काढू नकोस. हे पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत त्या फाइलला हातच लावू नकोस.

रेणूच्या रचनेवरून वास सांगणारं संगणकाचं मॉडेल शिकवायचं तर उत्तर एकच हवं, हा तुझा आग्रह मला समजतो. चित्रं ओळखायला शिकवताना तो चालतो, कारण प्रकाशाची तरंगलांबी सांगितली की रंगाचा बराचसा अंदाज बांधता येतो. वासाला अशी पट्टी नाही. टेलिफोनच्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं 1914 मध्ये विद्यार्थ्यांसमोर बोलताना हेच विचारलं होतं: दोन वासांमधला फरक तुम्हाला मोजता येतो का? नवं शास्त्र उभं करायची उमेद असेल तर वास मोजून दाखवा, असं तो म्हणाला. आता ते काम तुझ्या टेबलावर आलं आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे.

कार्व्होन हा रेणू घे. त्याची दोन रूपं आहेत, उजव्या आणि डाव्या हातासारखी, आरशातली प्रतिमा शोभावी अशी. अणू तेच, जोडणी तीच. एकाला पुदिन्याचा वास येतो, दुसऱ्याला शहाजिऱ्याचा. आता उलट बाजू बघ. कस्तुरीचा वास देणाऱ्या मस्कोनची रचना रसायनशास्त्रज्ञ रुझिच्कानं 1926 मध्ये उलगडली, तेव्हा ते पंधरा कार्बनचं मोठं कडं निघालं. पण त्याच्या बऱ्याच आधी, 1888 मध्ये, अल्बर्ट बाऊरला स्फोटकांवर काम करताना एक पदार्थ सापडला होता, टीएनटीच्या नात्यातला. त्यालाही कस्तुरीसारखाच वास! या दोन रेणूंची चित्रं शेजारी ठेवलीस तर त्यांच्यात काही नातं असेल असं तुला वाटणार नाही. रेणूच्या आकृतीवरून वास सांगणं इतकं अवघड असल्यामुळे शेवटी कुणीतरी हुंगावं लागतं आणि जे जाणवलं ते शब्दांत लिहावं लागतं. तुझी यादी म्हणजे अशाच कुणाकुणाच्या नाकांची साक्ष आहे.

साक्षी जुळत का नाहीत, याचं एक कारण खुद्द नाकातच आहे. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये वास टिपणाऱ्या रिसेप्टरांची, म्हणजे नाकातल्या पेशींवरच्या प्रथिनांची, जनुकं शोधून काढली. 2004 चं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं. उंदरात अशी हजाराच्या आसपास जनुकं आहेत, माणसात चालू स्थितीतली सुमारे 400. एक रेणू अनेक रिसेप्टरांना चेतवतो आणि एक रिसेप्टर अनेक रेणूंना दाद देतो, त्यामुळे वास ओळखला जातो तो सुरांच्या मेळासारखा, एकेका सुरासारखा नव्हे. शिवाय हे 400 सूर सगळ्यांचे सारखे लागलेले नसतात. कुठल्याही दोन माणसांमध्ये या रिसेप्टरांच्या जनुकांपैकी सुमारे 30 टक्के जनुकांचं काम वेगवेगळं असतं. अँड्रोस्टेनोन नावाचा रेणू काहींना शिळ्या लघवीसारखा वाटतो, काहींना गोडसर, आणि काहींना त्याचा वासच येत नाही. या फरकाचा काही भाग एका रिसेप्टरच्या जनुकाशी जोडलेला आहे, हे 2007 मध्ये दाखवलं गेलं. या तिघांपैकी कुणाची नोंद तू चुकीची म्हणून खोडणार?

मला हा धडा वास हुंगून नोंदवणाऱ्या परीक्षकांच्या पॅनलवर मिळाला. कामाची पहिली एक-दोन वर्षं असतील. ब्लॉटरवर, म्हणजे हुंगायच्या कागदी पट्टीवर, एक कस्तुरीसारखा पदार्थ आला आणि मला काहीही लागेना. कुणीतरी कोरी पट्टीच दिली असणार, असं मी ठामपणे सांगितलं. शेजारचे सगळे डोळे मिटून हुंगत होते, मान डोलावत होते. पट्टी बदलली, पुन्हा तेच. एरवी तीक्ष्ण असलेलं माझं नाक त्या एका रेणूपुरतं आंधळं होतं, आणि अजूनही आहे. त्या दिवशी मी ‘0’ लिहिलं. तो आकडा खरा होता. माझ्यासारखी नाकं बरीच असतात, विशेषतः कस्तुरीवर्गातल्या जड रेणूंच्या बाबतीत, आणि ‘वास नाही’ ही नोंद पुसली तर त्या सगळ्या माणसांना यादीत जागाच उरत नाही.

दुसरं कारण मात्रेचं. इंडोल नावाचं रसायन मोगऱ्यात असतं. अगदी विरळ असेल तर फुलाला जिवंतपणा देतं, दाट असेल तर विष्ठेची आठवण करून देतं. एकानं ‘फूल’ लिहिलं आणि दुसऱ्यानं ‘मळ’, तर दोघंही खरं बोलत आहेत. फक्त कितीला किती पातळ करून हुंगलं, हे त्यांनी सांगितलेलं नाही. तुझ्या फाइलमध्ये डायल्यूशनचा रकाना आहे का? पत्रात तू त्याचा उल्लेख केलेला नाहीस.

तिसरं कारण शब्दांचं, आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. 2001 मध्ये झालेल्या एका प्रयोगात एकच मिश्रण लोकांना दोनदा हुंगायला दिलं, एकदा चीज म्हणून आणि एकदा ओकारी म्हणून. पहिल्या वेळी तो वास बऱ्याच जणांना आवडला, दुसऱ्या वेळी त्यांनी नाक मुरडलं. त्याच वर्षी बोर्दोमध्ये वाइनचं शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वासहीन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. याला फसवणूक म्हणू नकोस. वासाची वार्ता नाकातून मेंदूतल्या घ्राणकंदात आणि तिथून भावना-आठवणींच्या भागात फार थोड्या टप्प्यांत पोहोचते, आणि तिथे डोळ्यांनी काय पाहिलं, कानांनी काय ऐकलं हे आधीच बसलेलं असतं. म्हणून हुंगण्याआधी लेबल वाचायचं नाही, हा आमच्या खोलीतला पहिला नियम होता.

मतभेदांची आणखी एक जात मात्र आहे आणि ती खुशाल वेगळी काढ: भेसळ. मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्राच्या टोकाला काचेची नळी जोडून, यंत्रातून एकेक घटक बाहेर पडेल तसा तो हुंगायचा, हे काम मी वर्षानुवर्षं केलं. आलेखावर उंच शिखर यायचं आणि नळीला ढिम्म वास नसायचा. मग रेषा अगदी सपाट असताना एकदम कांद्यासारखा तडाखा बसायचा. गंधक असलेले काही रेणू नाकाला इतक्या कमी मात्रेत कळतात की यंत्राची रेषा हलतही नाही. बाटलीवर लिहिलेला पदार्थ 99 टक्के असला, तरी वास उरलेल्या एका टक्क्याचा असू शकतो. असा नमुना कोणता ते शोधायला तुझं गणित पुरणार नाही, त्यासाठी मूळ नमुना पुन्हा हुंगावा लागेल.

रेणूंच्या रचनेवरून त्यांचे वास मांडणाऱ्या 2023 च्या त्या नकाशाबद्दल तू भारावून लिहिलं आहेस. मीही भारावले आहे. सुमारे 5000 रेणूंवर शिकलेल्या मॉडेलनं आधी न पाहिलेल्या 400 रेणूंचं वर्णन केलं आणि ते पॅनलच्या सरासरीशी एखाद्या सामान्य परीक्षकापेक्षा जवळ गेलं, ही मोठीच गोष्ट आहे. माझं म्हणणं एवढंच, की तो नकाशा सुगंधकारांनी आधी लिहून ठेवलेल्या वर्णनांवर उभा आहे आणि त्याची परीक्षा 55 शब्दांच्या यादीवर झाली. ‘सरासरीशी जवळ’ याचा अर्थही नीट लक्षात घे. सरासरीला नाक नसतं. कस्तुरी न कळणारी मी आणि तिच्यात हरवून जाणारा शेजारचा परीक्षक, यांची सरासरी काढून जे येतं ते आम्हा दोघांपैकी कुणीच अनुभवलेलं नाही.

त्या 55 शब्दांबद्दलही बोलायचं आहे. तू तुझी सगळी लेबलं इंग्रजीतून घेतली आहेस आणि ती बहुतेक ‘अमक्यासारखा’ अशी आहेत. मलाय द्वीपकल्पातल्या जहाय लोकांच्या भाषेत वासांसाठी डझनभर स्वतंत्र शब्द आहेत, कुठल्याही वस्तूशी न बांधलेले. 2014 च्या अभ्यासात ते लोक वासांची नावं रंगांइतक्याच सहजपणे आणि एकमतानं सांगत होते. इंग्रजी बोलणारे मात्र वासापाशी अडखळत होते. हे वाचलं तेव्हा मला आपली भाषा आठवली. कुबट म्हणजे कशासारखा? कशासारखाही नाही, कुबटच. खवट, आंबूस, करपट, ओशट, उग्र हे शब्द लहानपणीच आपल्या जिभेवर बसतात. आणि आपल्याकडे याहून वेगळी एक श्रीमंती आहे. दरवळ हळूहळू पसरतो, घमघमाट जागा भरून टाकतो, भपकारा एकदम अंगावर येतो, दर्प डोक्यात चढून बसतो. म्हणजे वास कशाचा आहे, याबरोबर तो कसा येतो हेही आपण एका शब्दात सांगतो. तुझ्या फाइलमध्ये काळाचा रकाना नाही. रेणू किती चटकन उडतो यावर हे येणं-जाणं बरंचसं अवलंबून असतं, आणि सुगंधकार ब्लॉटर पाच मिनिटांनी, तासानं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगतात ते त्याचसाठी. एक मराठी शब्दसंच करून बघ. मी मदत करेन.

आपल्या न्यायशास्त्रात पृथ्वीची व्याख्याच ‘गंधवती’ अशी आहे, ज्याला गंध आहे ते पृथ्वीतत्त्व. पहिल्या पावसानंतर येणाऱ्या वासामागचा जिओस्मिन हा रेणू मातीतले जिवाणू तयार करतात आणि माणसाचं नाक तो लाख कोटी भागांत काही मोजके भाग असला तरी ओळखतं. व्याख्या करणाऱ्यांना जिवाणू ठाऊक नव्हते, पण त्यांनी नाकाकडे लक्ष दिलं होतं. माणसाचं नाक दुबळं, ही समजूत एकोणिसाव्या शतकात मेंदूचा अभ्यासक ब्रोका याच्या मतांमधून पसरली आणि ती टिकणारी नाही हे 2017 मध्ये सविस्तर मांडलं गेलं. त्यामुळे सादरीकरणाची सुरुवात ‘कुत्र्याच्या तुलनेत आपण काहीच नाही’ अशी करू नकोस. आणि माणूस एक लाख कोटी वास ओळखतो, हा 2014 चा आकडाही वापरू नकोस. पुढच्याच वर्षी त्यामागच्या गणितावर गंभीर आक्षेप आले.

आता तुझ्या नाकाविषयी. डेटावर काम करायचं आणि स्वतः हुंगायचं नाही, हे मला पटणारच नाही. रोज तीन-चार वास घे, जास्त नकोत. आधी लिही, मग लेबल बघ. तारीख, मात्रा आणि किती वेळानं हुंगलं ते टाक. नाक थकलं की स्वतःची बाही हुंग आणि मोकळ्या हवेत जा. सर्दी असेल त्या दिवशी वही उघडूच नकोस. सवयीनं नाक सुधारतं, याला चांगला आधार आहे: वास गेलेल्या रुग्णांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे हुंगायला दिले तेव्हा त्यांच्यात सुधारणा दिसली, असं 2009 मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे संशोधक हुमेल यांनी दाखवलं. कोविडनंतर हा सराव जगभर पोहोचला. वास गेलेल्या एखाद्या माणसाशी कधी निवांत बोल. जेवणात राम राहत नाही, स्वतःच्या अंगाला वास येतोय का ही धास्ती सुटत नाही, जवळच्या माणसाचा वास हरवतो. ‘वास नाही’ या नोंदीकडे त्यानंतर तू वेगळ्या नजरेनं पाहशील.

प्रयोगशाळेतली एक गोष्ट मात्र हुकूम समज. नाकाला धोक्याची घंटा मानू नकोस. हायड्रोजन सल्फाइडला थोड्या मात्रेत सडक्या अंड्याचा वास येतो, पण मात्रा घातक होऊ लागली की घ्राणशक्तीच बधिर होते आणि वायू गेला असं वाटतं. नैसर्गिक वायूला तर मुळात वासच नसतो. 1937 मध्ये टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत न कळलेल्या गळतीनं स्फोट झाला आणि सुमारे 300 जीव गेले, बहुतेक मुलं. वायूत घाणेरड्या वासाचा मर्कॅप्टन मिसळण्याचे कायदे त्यानंतर आले. अनोळखी बाटलीत नाक खुपसायचं नाही. पातळ करायचं, पट्टीवर घ्यायचं, लांबून हातानं हवा ओढायची.

तर आता असं कर. न जुळणाऱ्या रेणूंची एक वेगळी फाइल बनव आणि प्रत्येकापुढे चार रकाने आख: मात्रा, कुणी हुंगलं, किती वेळानं, नमुना किती शुद्ध होता. बरेच रकाने रिकामे राहतील. त्यातले कुठले मूळ नोंदींवरून भरता येतात ते शोध. त्यातलेच दहा-बारा रेणू मिळतील तेवढ्या शुद्ध रूपात मागव, अर्धे मी इथे हुंगेन, अर्धे तू तिथे, मग अदलाबदल करू. कस्तुरीवाले मात्र तूच घे, तिथे माझी साक्ष ‘0’ अशीच येईल. तीही लिहून ठेव.

वहीची पहिली पानं पुढच्या पत्रासोबत पाठव. अक्षर कसंही असलं तरी चालेल.

सस्नेह,
तुझी मार्गदर्शक