एक्झॉस्टमधून गुलाबी रंग आला म्हणजे इंजिन सुरक्षित का?

तुम्ही लिहिलंय की बोट पाण्याबाहेर काढून, बादलीतलं गुलाबी अँटिफ्रीझ (गोठू न देणारा द्रव) पंपाने इंजिनात ओढून घेतलं आणि एक्झॉस्टमधून गुलाबी रंग दिसताच इंजिन बंद केलं. हिवाळ्यासाठी एवढं पुरे का? हे इंजिन कशाने थंड होतं त्यावर आहे.

समुद्राचं किंवा तळ्याचं पाणी थेट ब्लॉकमधून, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव भागातून, फिरत असेल तर पुरे नाही. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप, बंद असतो. पंपाने ओढलेलं बरंचसं अँटिफ्रीझ ब्लॉकला वळसा घालून मॅनिफोल्डमधून (एक्झॉस्टचा धूर गोळा करणाऱ्या भागातून) बाहेर पडतं. तुम्हाला रंग दिसला तो त्याचा. ब्लॉकमध्ये जुनं पाणी तसंच बसलेलं असू शकतं, आणि गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. ओतीव लोखंड तेवढं ताणत नाही, तडा जातो.

म्हणून माझं ठाम मत: आधी पाणी काढा, अँटिफ्रीझ नंतर. ब्लॉकचे आणि मॅनिफोल्डचे ड्रेन प्लग उघडा. पाणी आलं नाही म्हणजे आत पाणी नाही असं समजू नका; गंज आणि वाळूने भोक बुजलेलं असतं. तार घालून उकरा, मग बघा किती पाणी येतं. पंप, ऑइल कूलर आणि पाइपांचे खोलगट भागही रिकामे करा. त्यानंतर थर्मोस्टॅट काढून, किंवा वरचा पाइप सोडून, थेट ब्लॉकमध्ये अँटिफ्रीझ ओता.

डब्यावरच्या ‘−५०’ या आकड्यावरही फार विसंबू नका. तो बहुधा फॅरनहाइटमधला, म्हणजे साधारण −४६ सेल्सिअस, आणि पाइप फुटू नये यासाठीची मर्यादा सांगणारा असतो. द्रव त्याच्या कितीतरी आधी घट्ट व्हायला लागतो. शिवाय तो आकडा न मिसळलेल्या द्रवाचा. ब्लॉकमध्ये उरलेलं पाणी त्यात मिसळलं की संरक्षण घटतं. बाहेर पडणारा द्रव रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे थेंबावरून गोठणबिंदू दाखवणाऱ्या उपकरणाने, तपासा. रंगावरून काही कळत नाही.

हीट एक्स्चेंजर (बाहेरच्या पाण्याने आतलं कूलंट थंड करणारा भाग) असलेलं इंजिन असेल तर काम सोपं. ब्लॉकमध्ये कूलंट कायम असतं. एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर साधारण −३७ सेल्सिअसपर्यंत चालतं. ते विषारी आहे, पाण्यात सोडू नका. गुलाबी अँटिफ्रीझ प्रॉपिलीन ग्लायकॉलचं घ्या आणि फक्त बाहेरच्या पाण्याच्या वाटेत घाला: स्ट्रेनर (पाण्याची गाळणी), पंप, एक्स्चेंजर, एक्झॉस्ट. इथे मात्र तुमची बादलीची पद्धत चालते. एक्स्चेंजरमधला झिंकही (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) उघडून बघा, निम्मा झिजला असेल तर बदला.

इम्पेलर, म्हणजे पंपातलं रबरी पात्यांचं चाक, हिवाळाभर पंपात ठेवू नये. दाबलेली पाती तशीच वाकडी राहतात. काढून ठेवा, वसंतात नवा बसवताना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा. पेट्रोलियमचं ग्रीस रबराला बाधतं. एखादं पातं तुटलेलं दिसलं तर तुकडा सापडेपर्यंत शोधत राहा. तो सहसा एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतो आणि भर उन्हाळ्यात इंजिन तापलं की आपण उगाच थर्मोस्टॅटला दोष देत बसतो.

सीकॉकच्या (बोटीच्या तळातून पाणी आत घेणाऱ्या झडपेच्या) गोळ्यात अडकणारं पाणी लोक विसरतात. बोट जमिनीवर असताना तो उघडून पाणी गळू द्या. बोट पाण्यातच राहणार असेल तर तो बंदच हवा, आणि इंजिनच्या किल्लीला तशी चिठ्ठी बांधा.

तुमच्याकडे थंडी आजच शून्याखाली जाणार असेल तर अँटिफ्रीझची वाट बघू नका. प्लग उघडे ठेवून रिकामा केलेला ब्लॉक तडकत नाही. भरणं उद्या करता येईल.