राहिलेले सात भागाकार

प्रश्न : २ चा ३२ वा घात अधिक १ म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. ही संख्या मूळ आहे का? ५९९ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी मी वहीत भागून पाहिलं. बाकी कधीच शून्य आली नाही. आता थांबू का?

उत्तर : तुमच्या वहीतले १०९ भागाकार मी एकेक करून तपासले. एकही चुकलेला नाही. पण थांबू नका. ६०१, ६०७, ६१३, ६१७, ६१९, ६३१ आणि मग ६४१. या सातव्या भागाकाराला बाकी शून्य येते आणि भागाकार येतो ६७,००,४१७.

३, ५, १७, २५७, ६५,५३७ या याच घडणीच्या (२ चा १ ला, २ रा, ४ था, ८ वा, १६ वा घात अधिक १) आधीच्या पाचही संख्या मूळ आहेत, म्हणून फ्रेंच गणिती फर्मा हिलाही मूळच समजत होता. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने ६४१ हा भाजक दाखवून दिला. शाळेत मी तो नुसता पाठ केला होता. तो सापडतो कसा, हे बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

समजा, एखाद्या मूळ संख्येने आपल्या संख्येला पूर्ण भाग जातो. २, ४, ८, १६ असे दोनचे घात त्या भाजकाने भागत गेलात, तर ३२ व्या घाताला बाकी भाजकापेक्षा एकने कमी येते, आणि १ ही बाकी पहिल्यांदा येते ती थेट ६४ व्या घाताला. तिथून बाक्यांचं चक्र पुन्हा सुरू होतं. या चक्राच्या लांबीने ‘भाजक उणे १’ ला पूर्ण भाग जायलाच हवा, हे तर फर्माचंच प्रमेय! म्हणजे भाजक ६४ च्या पटीपेक्षा एकने मोठा असणार. अशा मूळ संख्या ओळीने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच भागाकाराला उत्तर हाती येतं. नाहीतर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंत, ६,५४२ मूळ संख्या आहेत.

आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही संख्या ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग आहे, हे उघडच दिसतं. पण ती ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्गही आहे. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून फार तर एकाच तऱ्हेने लिहिता येते. इथे दोन तऱ्हा निघाल्या, म्हणजे भाजक माहीत नसतानाही ही संख्या मूळ नाही हे ठरलं. (२०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे!)

आता ६७,००,४१७ मूळ आहे का, हे तुम्हीच तपासा. तिचे भाजकही याच साच्यातले हवेत आणि वर्गमूळ २,५८८ च्या जरा पुढे आहे. १९३, २५७, ४४९, ५७७ तुमच्या वहीत आधीच बाद झालेत. उरले ६४१ (पुन्हा एकदा), ७६९, १,१५३, १,२१७, १,४०९, १,६०१ आणि २,११३. हेही सातच आहेत.