मुलीला हेल्मेट, दिवे, रडार सगळं घेऊन दिलं तर ती सायकलवर सुरक्षित राहील का?

तुमची बारा वर्षांची मुलगी सायकलनं शाळेत जायचं म्हणते. तिला हेल्मेट, दिवे आणि मागून येणारी गाडी ओळखणारं रडार असं सगळं घेऊन दिलं तर काळजी मिटेल का, हा तुमचा प्रश्न. शिवाय या विषयात लोक राजकारण कशाला आणतात ते कळत नाही, असंही तुम्ही लिहिलं आहे. माझ्या लेखी या दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्रच लिहितो. मी वीसेक वर्षं रोज सायकलनं कामाला जातो आणि या बाबतीत माझी मतं ठाम आहेत.

आधी हेल्मेट. ते घ्याच. पण ते कशासाठी बनवलेलं असतं हे माहीत असू द्या. युरोपातल्या ईएन 1078 या मानकाच्या चाचणीत डोक्याच्या आकाराच्या वजनावर हेल्मेट चढवतात आणि सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट ऐरणीवर सोडतात. आदळताना त्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो. म्हणजे ही परीक्षा सायकलवरून पडण्याची आहे, गाडीनं उडवण्याची नाही. पडण्यासाठी हेल्मेट फार मोलाचं आहे. एकदा ओल्या रस्त्यावर घसरलो तेव्हा माझ्या हेल्मेटला आरपार तडा गेला आणि कपाळावर साधा ओरखडाही आला नाही. मी ते न घालता बाहेर पडत नाही.

माझा दुसरा अपघात मात्र वेगळा होता, आणि माझी सगळी मतं तिथूनच बदलली. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीतल्या माणसानं दार उघडलं, मी त्यावर आदळलो आणि हासळीचं हाड मोडलं. हेल्मेट डोक्यावर होतं, अंगात भडक रंगाचं जाकीट होतं, दिवा चालू होता. तो माणूस बेफिकीर किंवा मग्रूर नव्हता. एक्स-रे होईपर्यंत माझ्याजवळ बसून राहिला. "तुम्ही दिसलाच नाहीत हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि ते खरंच होतं. त्यानं आरशात बघितलंच नव्हतं. एका सज्जन माणसाचं दोन सेकंद लक्ष नव्हतं, इतकंच घडलं होतं.

त्या दिवसापासून कुठल्याही उपायाला मी एकच प्रश्न विचारतो: माणसाचं लक्ष नसेल तेव्हा हा उपाय चालतो का?

दाराचंच बघा. नेदरलँड्समध्ये एक साधी सवय आहे. गाडीचं दार जवळच्या हातानं न उघडता लांबच्या हातानं उघडायचं. हात आडवा गेला की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि मागून येणारी सायकल आपोआप दिसते. 'बघायचं लक्षात ठेवा' असं सांगावंच लागत नाही. ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेत ही पद्धत जानेवारी 2022 मध्ये घातली गेली. तुमच्या घरी गाडी असेल तर आजपासून सगळ्यांनी असंच दार उघडायला लागा. याला काहीही खर्च नाही.

दिव्यांनाही हीच कसोटी लावतो. बॅटरीचे दिवे छान असतात, पण चार्ज करायला विसरलं की संपलं, आणि बारा वर्षांचं मूल विसरणारच. त्यापेक्षा पुढच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे आसाभोवतीच्या मधल्या भागात, बसवलेला डायनॅमो घ्या. पूर्वी टायरला घासत चालणारा, पॅडल जड करणारा डायनॅमो आठवत असेल तर तो मनातून काढून टाका. हबमधला जवळजवळ जाणवतही नाही. सहा व्होल्ट, तीन वॉटची वीज मिळते, एलईडीमुळे तेवढ्यात रस्ता उजळतो, आणि दिव्यात साठवलेल्या विजेवर सायकल थांबल्यावरही तो काही मिनिटं चालू राहतो. चाक फिरलं की दिवा लागला. मला रोजच्या वापरातलं तंत्रज्ञान असंच हवं असतं: ॲप नको, पासवर्ड नको, अपडेट नको. दिवा मात्र समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही असा बसवा. जर्मनीत सायकलच्या पुढच्या दिव्याचा झोत वरच्या बाजूला कापलेला असावा लागतो आणि लुकलुकणारे दिवे चालत नाहीत. हा नियम मला पूर्ण पटतो, कारण लुकलुकणाऱ्या दिव्यावरून सायकल किती लांब आहे याचा अंदाज येत नाही.

रडारबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. मोकळ्या हमरस्त्यावर ते उपयोगी आहे, मी स्वतः वापरलं आहे. पण शहरातल्या गर्दीत ते सारखंच वाजत राहतं आणि दोन दिवसांत कान त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागून गाडी वेगानं येते आहे हे कळल्यावर त्या मुलीनं नेमकं करायचं काय? ब्रेक तिच्या हातात नाही. ज्याच्या पायाखाली ब्रेक आहे त्याला इशारा मिळायला हवा, आणि आपण तो त्या लेकराच्या हँडलवर बसवतो.

आता गाडीच्या आतली गोष्ट. ताशी 50 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 14 मीटर जाते. एसी कमी करायला चालकानं पडद्यावर तीन सेकंद बघितलं तर 42 मीटर गाडी कोणी बघत नसताना धावली. पूर्वी तेच काम बोटानं चाचपून, नजर रस्त्यावर ठेवून होत असे. गाडीतली बटणं काढून सगळं काचेच्या पडद्यावर नेणं हा गेल्या काही वर्षांतला सर्वांत वाईट तांत्रिक निर्णय आहे असं मी मानतो. युरोपात गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनं 2026 च्या निकषांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा मोजक्या कामांसाठी खरीखुरी बटणं मागितली आहेत. उशीर झाला, पण बरं झालं.

तरीही लक्ष चुकणारच. माझंही चुकतं. मग लक्ष चुकल्यावर जीव वाचवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे वेग. एखादं मूल अचानक समोर आलं तर चालकाला ते कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी 30 नं जाणारी गाडी या सेकंदात आठेक मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर पुढच्या पाचेक मीटरमध्ये थांबते, म्हणजे सगळे मिळून 13 मीटर. ताशी 50 नं जाणारी गाडी तेवढं अंतर गेली तरी तिच्या ब्रेकवर अजून पायसुद्धा पडलेला नसतो. जिथं पहिली गाडी थांबलेली असते, तिथं दुसरी पूर्ण 50 च्या वेगानं आदळते. त्या वेगातली ऊर्जाही 30 च्या तुलनेत पावणेतीन पट असते. मला हा हिशेब पहिल्यांदा नीट उमगला तेव्हा मी बराच वेळ वही पुढ्यात घेऊन बसून राहिलो होतो.

आणि रस्त्यावर वेग किती असावा हे कोण ठरवतं? मी नाही, तुम्ही नाही, कुठलीही कंपनी नाही. ते सभागृहात ठरतं, मतांवर निवडून आलेली माणसं ठरवतात. रस्ता अरुंद करायचा का, वळणाची गोलाई आवळायची का, शाळेसमोरचं क्रॉसिंग उंच उचलायचं का, पार्किंगच्या जागी सायकल मार्ग आखायचा का, हे सगळे निर्णय कोणाची तरी सोय काढून दुसऱ्या कोणाला तरी देण्याचे आहेत. राजकारण म्हणजे तरी दुसरं काय? लोक ते या विषयात बाहेरून आणत नाहीत, ते आधीपासून तिथंच बसलेलं असतं.

नेदरलँड्सकडे बोट दाखवलं की 'त्यांची संस्कृतीच तशी' असं उत्तर मिळतं. ते खोटं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथंही गाड्यांसाठी रस्ते रुंद झाले, सायकली मागे पडल्या. 1971 या एका वर्षात तिथं रस्ते अपघातांत सुमारे 3,300 माणसं दगावली, त्यात 400 हून अधिक मुलं होती. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच 'मुलांचे खून थांबवा' असं होतं. 1973 च्या नोव्हेंबरात तेलटंचाईमुळे सरकारनं रविवारी गाड्या बंद ठेवल्या आणि रिकाम्या हमरस्त्यांवर लोक सायकली घेऊन फिरले. आज दिसणारे मार्ग तिथून पुढे, एकेका चौकासाठी भांडून झाले आहेत.

हे अमुक पक्षाचं काम, तमुक पक्षाला त्याचं वावडं, असंही मी मानत नाही. लंडनमध्ये रस्त्यापासून वेगळे काढलेले मोठे सायकल मार्ग बोरिस जॉन्सन या हुजूर पक्षाच्या महापौरांच्या काळात आले आणि मजूर पक्षाच्या सादिक खान यांनी ते जाळं वाढवलं. मी उमेदवाराची विचारसरणी सगळ्यात शेवटी बघतो. रस्ता बदलल्यावर लोकांचा पहिल्या सहा महिन्यांचा राग हा माणूस सोसेल का, हे आधी बघतो. कारण राग येतोच. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये सप्टेंबर 2023 मध्ये वस्तीतल्या रस्त्यांवरची मर्यादा ताशी 30 मैलांवरून 20 वर आणली तेव्हा विरोधाच्या अर्जावर चार लाखांहून अधिक सह्या झाल्या. सरकारनं मूळ निर्णय सोडला नाही, काही रस्त्यांपुरता फेरविचार केला. मला हे दोन्ही आवडलं. लोकांचं ऐकणं आणि कणा शाबूत ठेवणं एकाच वेळी जमतं. फिनलंडची राजधानी हेलसिंकीत निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ताशी 30 ची मर्यादा आहे. जुलै 2024 पासून सलग बारा महिने त्या शहरात रस्ते अपघातात एकही माणूस दगावला नाही. एकही नाही. हे वाक्य मी भेटेल त्याला सांगतो.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. नेदरलँड्समध्येही सायकलवर माणसं मरतात. 2023 मध्ये तिथं रस्त्यांवर 684 जण गेले, त्यांत 270 सायकलस्वार होते, गाडीत बसलेल्यांपेक्षा जास्त. त्यांत वयस्कर माणसं पुष्कळ असतात, आणि इलेक्ट्रिक सायकलींचा प्रश्न आता तिथं गंभीरपणे चर्चेत आहे. म्हणून हेल्मेट नको, असं मी कधीच म्हणणार नाही. मला राग येतो तो एखादं मूल गेल्यावर 'हेल्मेट होतं का?' हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो याचा. गाडी किती वेगात होती हे पहिल्यांदा विचारा ना.

मुलीला मी पाठवलं असतं का? रस्ता बघून ठरवलं असतं. एखाद्या दिवशी शाळेच्याच वेळेला तिला पुढे ठेवून तुम्ही मागून सायकल चालवत जा. सुट्टीच्या दिवशी नको, त्यातून काही कळत नाही. उभ्या गाड्यांपासून दाराच्या रुंदीएवढं अंतर ठेवायला आणि ट्रकच्या बगलेत कधीही न थांबायला शिकवा. वळणाऱ्या ट्रकच्या चालकाला तिथलं काही दिसत नाही, त्यामुळे मागे थांबायचं, उशीर झाला तरी चालेल. जिथं तिला बघून तुमच्या पोटात गोळा येईल ती जागा लक्षात ठेवा. अशा जागा बहुतेक दोन-तीनच निघतात. तेवढ्या टाळून जाणारा लांबचा रस्ता असेल तर तो घ्या, नसेल तर त्या तुकड्यात सायकल हातात धरून चालत जायचं. मग त्या जागांचे फोटो आणि वेळा लिहून, त्याच रस्त्यानं मुलं पाठवणाऱ्या आणखी पाच-सहा पालकांच्या सह्या घेऊन, तुमच्या भागातून निवडून आलेल्या माणसाला प्रत्यक्ष भेटा. मागणी एकच ठेवा: या क्रॉसिंगला उंचवटा. महिन्यानं पुन्हा जा.

रडारचे पैसे वाचतील, ते डायनॅमोच्या चाकाला लावा.